मतमोजणीच्या दिवसाचं कुलूप

सरकार पडलं, बाजार पडला आणि बटणचे बाबा गेले. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या आत उरकल्या. त्यांतला बाजार तेवढा संध्याकाळपर्यंत उठून बसला.

पण हे आपल्याला अजून माहीत नाही. असं काही झालेलंच नाही. सरकार आपल्या जागी आहे, बाजार आपल्या जागी आहे आणि बाबा आपल्या खुर्चीत बसून उकडलेलं अंडं सोलत आहेत. आज रविवार, मतमोजणी परवा. समोर बसलेली बटण त्यांच्या चहात साखर घालायची की नाही यावरून त्यांच्याशी भांडते आहे.

बाबांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून ते लेकीला कामावर घेऊन गेले. तिथे तिने एका उंच इमारतीच्या लिफ्टमधली सगळी बटणं एकदम दाबली. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत, दार उघडून कोणी नाही हे बघत, वरपर्यंत गेली. त्या दिवसापासून मुलगी बटण झाली. पुढे ती शेअर दलालाच्या कचेरीत डीलर म्हणून लागली. लोक फोनवर घे किंवा विक म्हणतात आणि ती संगणकावर तशी बटणं दाबते. म्हणजे नाव काही वाया गेलं नाही.

निवृत्त झाल्यावर हाती आलेला सगळा पैसा बाबांनी शेअरमध्ये घातला. आई गेल्यानंतर त्यांना बोलायला विषय हवा होता, आणि मुलीशी बोलायचं तर मुलीच्या धंद्यातलं काहीतरी जवळ असावं, एवढा सरळ हिशेब. ते बटणच्याच कचेरीचे ग्राहक झाले. कचेरीत सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत.

"बाजाराला कोण निवडून येतं याचं सोयरसुतक नसतं," लिफ्टकाका अंड्यावर मीठ टाकत म्हणाले. "चोर येऊ दे नाहीतर साव. त्याला फक्त आधी कळायला हवं असतं. आधी सांगून आलेला चोर बाजाराला चालतो. न सांगता आलेला साव चालत नाही."

"मग मत कोणाला दिलंत?"

"सरकारला."

"बाबा! जन्मभर शिव्या घातल्यात त्यांना."

"घातल्या. पण एक्झिट पोलवाले म्हणतात हेच येणार, म्हणून बाजार वर गेलाय. आता हे नाही आले तर माझे शेअर खाली येतात. मी शेअरना मत दिलं. तू?"

"विरोधात."

"झालं. दोघांनी रांगेत उभं राहून एकमेकांची मतं खाल्ली. घरीच बसलो असतो तर पाय तरी दुखले नसते."

मागच्या निवडणुकीचा विषय या घरात कोणी काढत नसे, कारण तो कायम निघालेलाच असे. तेव्हाही मोजणीच्या दिवशी बाजार धाडकन कोसळला होता. बाबांनी फोन केला होता आणि त्यांचा आवाज दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसासारखा येत होता. विक, म्हणाले. थांबा, ती म्हणाली. विक म्हणतो ना, सगळं विक, बुडाली बोट. ग्राहकाने सांगितलं की डीलरने विकायचं, मग तो ग्राहक बाप का असेना. तिने विकलं. दुसऱ्या दिवशी बाजार असा काही वर गेला की आदल्या दिवशी रडणारे लोक एकमेकांना ओळख दाखवेनात.

बाबा तिच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. निरोप खालच्या काकूंकरवी येत. खालच्या काकू म्हणजे बाबांच्या खालच्याच घरात राहणाऱ्या बाई. त्या फोन करून म्हणत, "अगं, तुझे बाबा म्हणतायत, अडकलेला माणूस आतून दार उघडा म्हणून ओरडतो, म्हणून काय दोन मजल्यांच्या मधे दार उघडायचं असतं का? म्हणतायत, अडकलेल्याचं ऐकायचं नसतं, आधी लिफ्ट मजल्याला लावायची असते. म्हणतायत, एवढं तरी बापाकडून शिकायला हवं होतं. आणि ते इथेच बसलेत, चहा पितायत. त्यांना सांगू का काही?"

तर ते असं.

"या वेळी मला कुलूप लाव," बाबा आता म्हणाले.

बटणच्या हातातला चमचा थांबला.

कुलूप ही त्या कचेरीतली डीलर लोकांची आपसातली पद्धत. मोठ्या साहेबांना तिचा पत्ता नव्हता. निवडणुकीच्या निकालाआधी, डोकं ठिकाणावर असताना, काही जुने ग्राहक आपापल्या डीलरला सांगत: त्या दिवशी मी घाबरेन, फोन करेन, विक म्हणेन. माझा फोन उचलू नकोस. मग डीलर आपल्या फोनवर पिवळा कागद चिकटवी आणि त्यावर ज्यांना कुलूप आहे त्यांची नावं लिही. एकदा बाजार उघडला की कुलूप काढता येत नसे. ग्राहक शिव्या देई, ओरडे, दुसऱ्याच्या फोनवर फोन करी. तो डीलरही उचलत नसे. आणि आजवर एकाही कुलूपवाल्याने नंतर तक्रार केली नव्हती, उलट त्यांचे आभाराचे फोन येत. ते मात्र सगळे उचलत.

"तुम्हाला कुठून कळलं कुलूप?"

"तूच सांगितलंस. तुझ्या पोटात काय राहतं? तिकडे दातांच्या डॉक्टरला लावतेस, आणि जन्मदात्याला नाही?"

"बापाला कुलूप लावलं म्हणून पेपरात नाव येईल माझं."

"येऊ दे. कात्रण काढून ठेवीन."

"आणि खरंच काही काम निघालं तर? आमच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही, दारातच काढून घेतात. टेबलावरचा फोन तेवढा असतो."

"मला काय काम निघणार? शपथविधीला बोलावणार आहेत?"

"तसं नाही. पडलात, झडलात..."

"तर काकू आहेत. जमिनीवर काठी आपटली की येतात वर. कधी कधी मी काठी नुसती भिंतीला टेकवून ठेवली तरी येतात. तू तुझं सांग. उचलणार नाहीस?"

"नाही."

"ओरडलो तरी?"

"नाही."

"रडलो तरी?"

"तुम्ही कधी रडता?"

"मागच्या वेळी रडलो होतो की. तुला वाटलं लाइन खराब आहे."

बटणने त्यांच्या चहात साखर घातली. बाबांनी तो घोटभर पिऊन, साखर पडली आहे हे न कळल्याचं सोंग केलं. ती निघाली तेव्हा दारापर्यंत येऊन म्हणाले, "बघ हं. माझी परीक्षा नाही, तुझी आहे."

मोजणीच्या सकाळी डीलर लोकांच्या खोलीत भिंतीवर टीव्ही लावला होता. टीव्हीवर एकाच वेळी पाचसहा माणसं बोलत होती आणि त्यांतल्या कोणाचंच दुसऱ्या कोणाला ऐकू येत नव्हतं. खाली पट्टीवर आकडे पळत होते. बाजार उघडला तेव्हा सरकार पुढे होतं. थोड्या वेळाने सरकार किंचित पुढे होतं. मग सरकार पुढे होतं का, यावर चर्चा सुरू झाली, आणि बाजाराने चर्चा संपायची वाट पाहिली नाही. पडद्यावर हिरवं होतं ते लाल झालं, लाल होतं ते गडद लाल. एका बँकेचा शेअर जिन्यावरून घरंगळलेल्या भांड्यासारखा प्रत्येक पायरीवर आवाज करत खाली गेला.

मग फोन. खोलीत जितके फोन होते तितके वाजत होते. बटणच्या शेजारी तोफ बसे. त्याचं बोलणं रस्त्यापलीकडच्या दुकानातही ऐकू जाई म्हणून तो तोफ. तो दोन्ही कानांना दोन रिसीव्हर लावून दोघांना एकच उत्तर देत होता. "विकलं! हो! तुमचंही! नाही, तुमचं नाही, त्यांचं! बरं, तुमचंही!"

दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. बटणने कागदाकडे पाहिलं, उचलला नाही. परत आला. परत नाही. मग तो तोफच्या टेबलावर आला.

"आले दातवाले," तोफ म्हणाला. "आता कळू दे, भूल न देता उपटलं की कसं होतं."

सगळे हसले. मग बटणच्या फोनवर बाबांचा नंबर आला.

"आला म्हातारा," ती म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तिला हसू आलं. सकाळपासून ती वाटच पाहत होती. एवढा बाजार पडूनही बाबांचा फोन नाही, म्हणजे झेपतंय त्यांना, असं म्हणेपर्यंत आलाच. फोन वाजत राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली. नकळत तिचा हात पुढे गेला.

"ए!" तोफ ओरडला. "कुलूप आहे ना? हात मागे घे."

"अरे, बाबा आहेत."

"म्हणून तर. बाकीच्यांना लावतेस ते खरं आणि बापाला लावलं ते खोटं? मागच्या वेळी बोलत नव्हते तेव्हा माझ्या खांद्यावर रडायचीस. माझा शर्ट अजून आखडलेला आहे."

तिने हात मागे घेतला. फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने परत वाजला. त्या वेळी ती दुसऱ्या रिसीव्हरवर एका ग्राहकाशी बोलत होती. अर्धी रिंग झाली नसेल तोच तो मधेच बंद पडला, जणू करणाऱ्यालाच आठवलं की आपण कुलूप लावून घेतलं आहे. बटणला बाबांचा अभिमान वाटला. मागच्या खेपेला त्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. या वेळी दोनदाच, आणि दुसरा तर असा, अर्धवट. माणूस या वयातही शिकतो, तिने तोफला सांगितलं.

दुपारी बातमी आली की तीन छोटे पक्ष नव्या लोकांबरोबर जात आहेत आणि नवं सरकार टिकाऊ होणार. बाजाराला आता कळलं होतं. कळल्यावर त्याची तक्रार उरली नाही. गडद लाल नुसतं लाल झालं, लाल फिकट झालं, आणि बंद होता होता बँकेचा तोच शेअर पायऱ्या चढून सकाळच्याही वर जाऊन बसला. देशात सकाळपासून काहीच झालं नव्हतं असं फक्त पडद्याकडे बघून कोणीही म्हटलं असतं.

बटण उन्हं उतरायच्या आत बाबांकडे निघाली. वाटेत तिने काय म्हणायचं ते ठरवलं. पास झाले, असं म्हणायचं. मग ते म्हणणार, कोण तू की मी? मग ती म्हणणार, दोघं. जिन्यात काकू भेटल्या आणि त्यांनी हसून वरच्या दिशेने हात केला. "आज फार शांतता आहे बाई. तोंडचं पाणी पळालेलं दिसतंय तुझ्या बाबांच्या."

बाबा खुर्चीत नव्हते. ते खुर्चीशेजारी होते. टीव्ही चालू होता आणि सरकार का पडलं हे सांगणारा माणूस, हे आपण आधीच म्हटलं होतं, असं म्हणत होता. फोनचा रिसीव्हर वायरीने लोंबत होता. काठी भिंतीला टेकलेली होती, पलीकडच्या भिंतीला.

डॉक्टर आले. ते भले गृहस्थ होते. बटणने विचारलं, लवकर कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ती म्हणाली, सांगता येत नाही म्हणजे वाचले असते, की वाचले नसते? ते म्हणाले, म्हणजे सांगता येत नाही. त्यांनी हे इतक्या मऊ आवाजात सांगितलं की तिला त्यांच्यावर रागावताही आलं नाही.

काकू दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "मी ऐकलं होतं गं," त्या शेवटी म्हणाल्या. "सकाळी वरून धप्प झालं. काठीसारखं नव्हतं. मी म्हटलं, एखादा मंत्री पडला असेल. ते पाय आपटायचे ना, कोणी पडलं की. मी म्हटलं, पडू दे मेला." आणि मग त्या पायरीवर बसून जे रडायला लागल्या, ते बटणलाच त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

सगळं उरकून बटण कामावर गेली तेव्हा टेबलावर एक खोकं होतं. दातांच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं, बिस्किटांचं. वर चिठ्ठी: "तुम्ही फोन उचलला नाहीत म्हणून मी वाचलो." तोफने ती चिठ्ठी तिच्या आधी वाचली होती. तो खिशात लपवायला गेला, पण तिने पाहिलं. तोफ त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलला. इतकं हळू, की तो काय म्हणाला ते तिला कळलं नाही, आणि तिने परत विचारलंही नाही.

त्याच दुपारी नियमावली आले. हे गृहस्थ कचेरीत नियम पाळले जातात की नाही हे बघत. त्यांनी आयुष्यात एकदाच विनोद केला होता आणि लगेच त्याचा खुलासा दिला होता, असं म्हणत. त्यांनी बटणला आत बोलावलं आणि आधी उभं राहून शोक व्यक्त केला. मग बसले.

"आता कामाचं. बाजार चालू असताना ग्राहकाचा फोन न उचलणं हा नियमभंग आहे. तुमच्या टेबलावर त्या दिवशी काही फोन उचलले गेले नाहीत. त्यांतले दोन या ग्राहकाचे."

"हो."

"कारण?"

"त्यांनीच सांगितलं होतं, उचलू नकोस म्हणून."

"लेखी?"

"नाही. अंडं खाताना."

नियमावलींनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "अडचण अशी आहे की ग्राहक हयात नसल्यामुळे तक्रार करायचा हक्क वारसाकडे जातो. वारस कोण?"

"मी."

"अजून कोणी?"

"कोणी नाही."

"म्हणजे तुमची तुमच्याविरुद्ध काही तक्रार आहे का, हे मला तुम्हालाच विचारावं लागतंय." त्यांना ते विचारताना खरोखर कसंतरी होत होतं. "असली तर तिला उत्तरही तुम्हालाच द्यावं लागेल, डीलर म्हणून. नसली तर तसं लिहून द्या. प्रकरण मिटेल. काकांचे शेअर तर वरच आहेत. नुकसान काही झालेलं नाही."

 गेले काही दिवस बटणच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. विक म्हणायला केला असेल, तर ती बरोबर वागली. दुखतंय म्हणायला केला असेल, तर तिने बाप घालवला. ते परीक्षा घेत असतील आणि रिसीव्हर कानाला लावून, वाजू दे, वाजू दे, शाबास, असं म्हणत असतील, तर ती पास झाली. तिन्ही फोन एकसारखेच वाजतात.

"आमच्या फोनवरचं सगळं रेकॉर्ड होतं ना?" तिने विचारलं.

"प्रत्येक शब्द. त्या दिवशीचं मी सगळं ऐकलं. काय सांगू, मोठमोठी माणसं..." ते थांबले. "पण उचलल्यावर. रिसीव्हर उचलला की रेकॉर्डिंग सुरू होतं. उचललाच नाही तर रेकॉर्ड कशाचं होणार?"

"पण तिकडे ते काहीतरी बोलले असतील. रिंग वाजताना माणूस बोलतो. उचल गं, असं तरी म्हणतो."

"म्हणत असेल. तो आवाज आपल्याकडे येत नाही."

"कोणाकडे येतो?"

नियमावलींना सगळे नियम कलमासकट पाठ होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर दोन माणसं पडलेल्या पक्षाचे झेंडे खांबावरून उतरवत होती आणि निवडून आलेल्यांचे त्याच दोऱ्यांना बांधत होती.

"तुम्ही असं करा," ते म्हणाले, "जे काही आहे ते लिहून द्या. मी पुढे पाठवतो. एवढंच माझ्या हातात आहे."

तिने कोरा कागद घेतला. तक्रार हा शब्द लिहिला, खोडला. मग लिहिलं ते असं:

प्रति, मा. नियमपालन अधिकारी.

विषय: न उचललेल्या दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, मतमोजणीच्या दिवशी बाजार चालू असताना सदर ग्राहकाने अर्जदाराच्या टेबलावर केलेले दोन दूरध्वनी, जे अर्जदाराने उचलले नाहीत, त्यांचे ध्वनिमुद्रण अर्जदारास एकदा ऐकवण्यात यावे. दुसरा दूरध्वनी अर्धवट असल्याने तो आहे तेवढाच चालेल.

ध्वनिमुद्रण उपलब्ध नसल्यास सदर ग्राहकास पुन्हा दूरध्वनी करण्याची एक वेळची विशेष परवानगी देण्यात यावी. त्या वेळी ग्राहक 'विक' म्हणाल्यास अर्जदार कोणताही प्रश्न न विचारता सर्व शेअर विकेल व दुसऱ्या दिवशी बाजार कितीही वर गेला तरी अर्जदाराची अथवा वारसाची कोणतीही हरकत राहणार नाही. ग्राहक इतर काही म्हणाल्यास तेही ऐकून घेतले जाईल. ग्राहक काहीच न बोलल्यास अर्जदार दूरध्वनी ठेवणार नाही.

तरी सदर विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन योग्य ती कार्यवाही लवकरात लवकर व्हावी, ही नम्र विनंती. अर्जदार कामाच्या सर्व वेळात टेबलावर हजर आहे.